तारांतली चमक

आमच्या घरात ती माझ्या आधी आली. लाल रंगाची, सहा तारांची, विजेवर वाजणारी गिटार. लग्नानंतर मी पहिल्यांदा तोंड उघडलं ते तिच्याबद्दलच. म्हटलं, "अहो, ही जरा त्या कोपऱ्यात सरकवली तर?" तर हे म्हणाले, "ती पहिल्यापासून इथेच आहे." म्हणजे नवीन कोण आणि जुनं कोण ते मला त्याच दिवशी कळलं. तेव्हापासून मी तिला सवत म्हणते. यांनाही चालतं. मला वाटतं, मनातून आवडतंच.

आमचे हे छापखान्यात फोरमन होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मित्र त्यांना फोरमनच म्हणतात. मी शाळेत चौथीचा वर्ग सांभाळायचे. तो सुटला तसा दर रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत दुसरा वर्ग भरायला लागला, आणि त्या वर्गापेक्षा माझी चौथीची पोरं पुष्कळ शहाणी होती.

येणारे दोघे. एक दातांचे डॉक्टर आणि दुसरे लाकडाचे व्यापारी, वखारवाले. दोघांच्याही पाठीवर गिटार, हातात छोटा अँप्लिफायर आणि डोक्यात एकच विषय, टोन. सकाळी नाश्ता झाल्यावर बसतात ते जेवायच्या वेळेपर्यंत. त्यात वाजवणं किती होतं म्हणाल, तर भाजीत मीठ असतं तेवढं. बाकी सगळं बोलणं.

वखारवाल्यांचं म्हणणं, टोन लाकडात असतो. हा माणूस आमच्याकडे आला की आधी दारावर टकटक करतो, आणि ते दार उघडावं म्हणून नाही. दार उघडंच असतं. "फोरमन, या दाराचा आवाज काय गोड आहे हो," म्हणतो. "याची गिटार फार छान होईल." एकदा माझ्या पोळपाटालाही टिचकी मारून कान लावला होता. मी तो काढून घेतला आणि कपाटात ठेवला.

डॉक्टरांचं म्हणणं, टोन तारेत असतो. ते वाजवून झालं की प्रत्येक तार फडक्याने पुसतात, वरून पुसतात, खालून पुसतात, मग फटीत दोरा घालून पुसतात. दुसऱ्या कुणी तशीच गिटार पिशवीत घातली की त्यांचा चेहरा बघावा. "रोज नाही, निदान वाजवल्यावर तरी," एवढंच म्हणतात, पण ते असं म्हणतात की ऐकणाऱ्याची जीभ आपोआप दातांवरून फिरते.

आणि आमचे हे. यांच्या मते लाकूड काय नि तार काय, सगळं खरं जुळवणीत आहे. छापखान्यात चार रंग एकावर एक बसवायचे, केसाइतकाही सरकलेला चालायचा नाही. तोच कायदा यांनी गिटारला लावला. गिटार घेतली की आधी खुंट्या पिळणार, ट्यूनरचा दिवा बघणार, परत पिळणार. एक तार जराशी उतरली की चेहरा आंबट. मी कौतुकाने सांगत नाहीये. या जुळवणीपायी माझा चहा किती वेळा गार झालाय ते माझं मला माहीत.

पण संध्याकाळ वेगळी असायची. मी स्वयंपाकाला लागले की हे बाहेरच्या खोलीत गिटार घेऊन बसायचे आणि एकच धून वाजवायचे. लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी स्वतःच बसवलेली, संथ, नाव नसलेली. मी आतून ओरडायची, "झालं का तुमचं टिंगटिंग सुरू?" आणि भाजी चिरायला घ्यायची. ती धून संपली की माझी भाजी चिरून झालेली असायची. इतकी वर्षं घरात घड्याळ लागलंच नाही.

आता मुद्द्यावर येते. एका रविवारी यांनी नव्या तारा चढवल्या, एकदा छेडल्या आणि म्हणाले, "मेलेल्या आहेत."

"माझ्याही तशाच निघाल्या," डॉक्टर म्हणाले. "पाकीट फोडल्या फोडल्या मेलेल्या. हल्ली तारांत ती चमक नाही."

"मला बोलायचंच होतं," वखारवाले म्हणाले.

तिघांचं एका गोष्टीवर एकमत झालं. मला तिथेच शंका यायला हवी होती. ज्यांचं चहात साखर किती यावर कधी जमलं नाही, ते तिघे एका सुरात सांगताहेत की तारा बनवणारे लबाड झालेत, धातूत भेसळ करतात, जुनी माणसं गेली आणि चमकही गेली. मला वाटलं, नवीन खूळ. असेल आठवडाभर.

आठवडाभर कसलं. निकेलच्या तारा गेल्या, स्टीलच्या आल्या. जाड गेल्या, बारीक आल्या. केबल बदलली. तारांखालचे, आवाज उचलणारे पिकअप बदलले. वाजवायची ती प्लास्टिकची चपटी टिकली बदलली. आणि दर रविवारी अँप्लिफायरचं ट्रेबलचं, म्हणजे बारीक सूर वाढवायचं बटण थोडं थोडं पुढे सरकत गेलं, ते पार शेवटाला जाऊन टेकलं. आवाज असा यायचा की कुणीतरी कानात सुई घालून फिरवतंय. खालच्या मजल्यावरचा कुत्रा पूर्वी आमच्या पायरीवर येऊन ऐकत पडायचा. तो आता अँप्लिफायरचा दिवा लागला की उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसायला लागला.

मी दारात जाऊन सांगितलं, "अहो, कानाला त्रास होतोय. किती कर्कश वाजतंय ते."

तिघांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "वहिनी," डॉक्टर समजुतीच्या सुरात म्हणाले, "उलट आवाज दबलाय. घोंगडीखालून आल्यासारखा वाटतोय. तुम्हाला टोनमधलं नाही कळायचं."

मी कानांत घालायला कापूस घेऊन आत गेले.

पण पुढे गंमत संपली. संध्याकाळी हे धून सुरू करायचे, मध्येच थांबायचे, मान हलवायचे आणि गिटार ठेवून द्यायचे. मग सुरूच करेनासे झाले. मी मुद्दाम आतून ओरडून पाहिलं, "आज टिंगटिंग नाही वाटतं?" तर म्हणाले, "तुझ्या मनासारखं झालं."

आणि एके दिवशी जेवताना, ताटाकडे बघत, सांगून टाकलं. "विकतोय तिला. सगळं बदलून बघितलं. तारांचा दोष नाही, तीच आतून गेली. रविवारी एक मुलगी येणार आहे बघायला. बँकेत असते, चांगली वाजवते म्हणे."

माझी सवत घराबाहेर जाणार. मला आनंद व्हायला हवा होता की नाही? मी हात धुवायला म्हणून उठले आणि मोरीपाशी उभी राहून रडले. रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. इतकी वर्षं टिंगटिंग म्हणून हिणवलं आणि आता कुठल्या तोंडाने सांगू की ती धून नसेल तर मला संध्याकाळी स्वयंपाकघरात उभं राहवणार नाही? आणि हा माणूस गिटारशिवाय नुसता खुर्चीत बसलेला मला बघवला नसता. हे मी त्यांना बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण नाही बोलले.

त्याच आठवड्यात यांना ताप आला. मी थर्मामीटर दिला, हल्लीचा तो, पिपाणीसारखा वाजणारा, आणि आत येऊन भाजी निवडायला बसले. थोड्या वेळाने आतपर्यंत ऐकू आलं, पी पी पी. हे तसेच बसलेले. मी वाट बघितली. भाजी निवडून झाली, धुऊन झाली. बाहेर येऊन बघते तर हे थर्मामीटर तोंडात धरून छताकडे बघताहेत.

"अहो, काढा की."

"ओं वाओं आई," हे म्हणाले. म्हणजे, अजून वाजला नाही.

मी तो काढला, पुसला, माझ्या तोंडात धरला. वाजला. परत लावला, वाजायला लागल्यावर यांच्या कानाशी नेला. हे त्याच्याकडे वळून बघत राहिले, आता वाजेल मग वाजेल म्हणून.

आयुष्यभर मी मागच्या बाकावरची पोरं पाहिलीत. पोरगं लक्ष देत नाही म्हणून सगळे त्याला झोडपतात, आणि खरं म्हणजे त्याला फळाच दिसत नसतो. इतकी साधी गोष्ट आणि माझ्या लक्षात यायला इतका उशीर. एकाने छापखान्यात मशीनच्या धडधडीत दिवस काढले, दुसऱ्याने दात कोरायच्या मशीनच्या किंचाळण्यात, तिसऱ्याने करवतीखाली. तिघेही आता सत्तरीकडे निघालेले. वरचे बारीक सूर तिघांच्याही कानांतून एकदमच निघून गेले, आणि तिघांनी मिळून ठरवलं की जगातल्या तारा बिघडल्या.

मी यांना सरळ सांगितलं. "तारा धडधाकट आहेत. तुम्हाला ऐकू येत नाही."

"मला?" हे बिछान्यात उठून बसले. "मी दोन केबलमधला फरक ऐकतो. डॉक्टरांनाही हेच जाणवतं, वखारवाल्यांनाही. तिघांचेही कान एकदम गेले का?"

मी रविवारची वाट बघितली.

शनिवारी औषधाच्या दुकानात जाऊन आणखी थर्मामीटर आणले. दुकानदार म्हणाला, "बाई, घरी दवाखाना काढताय का?" म्हटलं, वर्ग आहे.

रविवारी दोघे आले. सवत शेवटची बघायला आले होते, त्यामुळे चेहरे पडलेले. वखारवाल्यांनी दारावर टकटकसुद्धा केली नाही. मी वर्गात जायची तशी खोलीत गेले.

"यांना परवा ताप होता. साथ आहे. तिघांनी थर्मामीटर लावायचा. वाजला की काढायचा, आधी नाही."

"वहिनी, मी स्वतः डॉक्टर..."

"दातांचे," मी म्हटलं. "तोंड उघडा."

आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणारा माणूस, पटकन उघडलं त्याने. तिघांच्या तोंडात तीन थर्मामीटर. त्या खोलीत रविवारी सकाळी इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. मनात आलं, हे आधीच सुचायला हवं होतं.

तेवढ्यात गिटार बघायला येणारी मुलगी आली. मी तिला खूण करून खुर्चीवर बसवलं. ती बिचारी तीन म्हाताऱ्यांकडे बघत बसली.

आधी यांचा वाजला. मग वखारवाल्यांचा. मग डॉक्टरांचा. पी पी पी, पी पी पी, नुसता कलकलाट. तिघे ढिम्म. वखारवाले पायाने ठेका धरून होते. डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बोट वर करून मला खुणावलं, जरा थांबा. आवाज आपोआप बंद झाले. तिघे बसलेलेच.

मुलगी माझ्याकडे झुकली. "काकू, ते वाजले ना? तिघांचेही?"

एवढं मात्र तिघांना ऐकू गेलं. वखारवाल्यांनी थर्मामीटर काढला. "काय वाजलं?"

"थर्मामीटर, काका. केव्हाचा."

तिघांनी आपापल्या थर्मामीटरकडे पाहिलं. आकडे आलेले. वखारवाले हळूच म्हणाले, "हल्ली थर्मामीटरमध्येसुद्धा ती चमक राहिली नाही."

डॉक्टर मान डोलवणार होते, पण अर्ध्यावर थांबले. यांचा चेहरा मात्र उतरत चालला होता, आणि मला अचानक वाटलं, बाई, हे काय केलंस. माणसाला चार लोकांत उघडं पाडलंस.

मुलीला काहीच माहीत नव्हतं. तिने लाल गिटार उचलली, अँप्लिफायर चालू केला, तार छेडली आणि खुर्चीतून उडालीच. "आई गं. हे ट्रेबल पूर्ण वर कुणी ठेवलंय?" बटण मागे आणलं, आणखी मागे आणलं, आणि मग सावकाश काहीतरी वाजवलं. कितीतरी दिवसांनी माझी सवत माणसासारखी बोलली.

"काही येत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "सगळं दबलेलं."

हे डॉक्टरांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "तुला येतंय?"

"येतंय."

"पहिल्यासारखं?"

"अगदी पहिल्यासारखं. तिला काही झालेलं नाही हो."

लग्न झाल्यापासून या माणसाने टोनबद्दल मला पहिल्यांदाच विचारलं होतं. हे उठले, मुलीच्या हातातून गिटार हळूच घेतली आणि म्हणाले, "माफ कर हं. ही विकायची नाही." मुलगी हसली. म्हणाली, "मीही नसती विकली." चहा घेऊन गेली, आणि जाताना पायरीवरच्या कुत्र्याशी बोलून गेली. कुत्रा परत आला होता.

तिघांना मी ओळीने कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आलेख निघाले. तिघांची रेघ आधी सरळ जात होती आणि पुढे जिन्यावरून पडल्यासारखी खाली. वखारवाल्यांनी तिन्ही आलेख शेजारी धरले आणि म्हणाले, "यात माझा टोन जास्त उबदार आहे." यथावकाश तिघांच्या कानांमागे ऐकायची मशीनं बसली. मला वाटलं, सुटले. कसली सुटते? आता रविवारी मशीनवर चर्चा. कुणाच्या मशीनचा टोन कोरडा, कुणाच्या मशीनला अंग आहे, कुठल्या बॅटरीने आवाज खुलतो. डॉक्टर कानातली रबरी टोपी काढून फडक्याने पुसतात. वखारवाले म्हणतात, हे मशीन लाकडाचं का बनवत नाहीत.

मशीन बसवल्याच्या पहिल्या दिवशी यांनी अँप्लिफायर जुन्या सवयीने ट्रेबल वर नेऊन लावला आणि दोन्ही हात कानांवर गेले. "हे असं वाजत होतं? आणि तू काही बोलली नाहीस?"

"दर रविवारी बोलले," मी म्हटलं. "तुम्हाला ते ऐकू आलं नाही."

त्या संध्याकाळी मी भाजी घेतली आणि धून सुरू झाली. मध्यावर थांबली. हे आत आले.

"कोण गुणगुणतंय?"

"कोण गुणगुणणार? मीच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुम्ही वाजवता म्हणून."

खरंच, मी स्वतःशीच गुणगुणायची, विळीवर बसल्या बसल्या. पूर्वी ते अँप्लिफायरच्या आवाजात बुडून जायचं, त्यामुळे कान चांगले होते तेव्हाही यांना कळलं नसणार. आता या मशीनने घरातलं सगळंच उचलून यांच्या कानाशी आणून ठेवलं. यांनी मोबाइलवर सूर दाखवणारं ते काहीतरी काढलं आणि म्हणाले, "परत म्हण." मी म्हटलं. काटा बघून हे गंभीर झाले. "अर्ध्या सुराने खाली. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच खाली. इतक्या इमानदारीने बेसूर गाणारं कुणी मी पाहिलं नाही."

हे गमतीने म्हणाले असतील. मला लागलं. म्हटलं, "बरं. नाही गुणगुणणार." आणि ते मी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धून सुरू झाली. मी ओठ घट्ट मिटून कांदा चिरत होते. पण काहीतरी वेगळं होतं. तीच धून, पण जरा खालून येत होती, पायरी उतरून माझ्याजवळ बसल्यासारखी. कधी ओठ उघडले कळलं नाही. माझा आवाज निघाला तो त्या धुनेत जाऊन असा बसला की माझं मलाच नवल वाटलं. मी डोकावून पाहिलं. हे पाठ करून बसले होते, वाजवत होते. मी परत पाटाकडे वळले. कांदा होताच डोळ्यांसाठी.

मला नीट कळलं ते रविवारी. डॉक्टरांनी लाल गिटार हातात घेतली, एक तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. "फोरमन, ही उतरलीय. सहाच्या सहा तारा उतरल्यात. अर्धा सूर."

"उतरवल्यात," हे म्हणाले.

वखारवाल्यांनी मशीन चाचपून पाहिलं. "तुम्ही? तुम्हाला तर केसाइतकं चालत नाही."

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. यांचे कान लाल झाले होते, मशीनसकट.

"टोनसाठी," हे म्हणाले. "ही अशीच चांगली वाजते."

खोलीत विचार सुरू झाला. "बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "ताण कमी झाला की तार मोकळी बोलते." "लाकूडही सैल होतं," वखारवाले म्हणाले, "ते आवळून धरलं होतं आपण इतकी वर्षं." आणि दोघेही आपापल्या खुंट्या पिळायला बसले. एकेक तार करत दोन्ही गिटारी खाली आणल्या, माझ्या सुरापर्यंत.

"वाहवा," डॉक्टरांनी डोळे मिटले. "वहिनी, तुम्हाला फरक कळतोय का?"

"मला बाई टोनमधलं काय कळणार?" मी म्हटलं, आणि चहा ओतला. यांच्या कपात साखर जरा जास्तच पडली.